सारजाबाईचं ताट

कामथडीतल्या एकाही माणसानं सारजाबाईला जेवताना पाहिलं नव्हतं, आणि तरी तिच्या अंगाबद्दल बोलायला सगळं गाव मोकळं होतं. विहिरीवर बाया म्हणायच्या, "ही वारा पिऊनच फुगती वाटतं." पारावरचे म्हातारे म्हणायचे, "कोंडिबाचं पीकपाणी कसं हाय ते शेतात जाऊन बघायला नको, बायकू बघा." बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? सारजाबाई दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून पायरी चढायची, दम खायची आणि हंडा उचलायची. चाळिशी नुकती उलटली होती, पण उठताना साठीच्या म्हातारीसारखी कण्हायची.

संस्थान खालसा होऊन सहासात वर्षं झाली असतील. भोरचं राज्य गेलं, कचेरीतली माणसं बदलली, सडकेवरनं यष्टी धावायला लागली. कोंडिबाच्या घरात मात्र काहीच बदललं नव्हतं. खटलं मोठं होतं. सासरे गेनबा, सासू ठकुबाई, कोंडिबा आणि त्याच्या पाठचे दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि पोरांचं लेंढार. सारजाबाई थोरली सून, म्हणून चूल तिची. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू. जावा आपापल्या नवऱ्याच्या ताटात बसायच्या. सगळ्यात शेवटी सारजाबाई. ती कोंडिबाच्या उष्ट्या ताटात बसायची, आणि सासऱ्यांचं, पोरांचं, टोपातलं, तव्यावरचं जे काही उरलंसुरलं असेल ते सगळं त्याच ताटात ओतून घ्यायची. लग्न होऊन आली त्या दिवसापासून हे असंच होतं. आईनंच पाठवणीच्या वेळी सांगितलं होतं, "धन्याच्या ताटात जेव, अन्न टाकू नको."

आता ते ताट कसं असायचं हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ज्याला किळस येईल त्यानं नाक धरावं. कोंडिबाला भाकरीचा पापुद्रा तेवढा आवडायचा. तो सोलून खायचा आणि खालचा भाग आमटीत कुस्करून तसाच ठेवायचा. जेवता जेवता मिशांवरनं ओघळलेलं बोटानं निपटायचा आणि ते बोट ताटाच्या कडेला पुसायचा. गेनबांचे निम्मे दात गेलेले. ते भाकरीचा घास तोंडात घोळवायचे, नाही चावला की लगदा करून ताटात परत ठेवायचे. पोरांच्या भातात कधी शेंबूड, कधी माती, आणि प्रत्येकाच्या आमटीवर थंडीत पांढरी साय धरलेली. सारजाबाई हे सगळं एकत्र कालवायची, भिंतीकडं तोंड करायची आणि चार घाईच्या घासांत संपवायची. चव लागू नये म्हणून घाई करायची. भांडी घासायची राहिलेली असायची आणि बाहेर म्हशी ओरडत असायच्या.

ठकुबाई मिसरीचं बोट दातावरनं फिरवत म्हणायच्या, "अन्न म्हंजी पूर्णब्रह्म. सांडायचं न्हाई." पूर्णब्रह्म खरंच. पण दुसऱ्याच्या दाढेखालनं परत आलेल्याला काय म्हणायचं, ते त्या कधी सांगायच्या नाहीत.

सारजाबाईचं माहेर वेल्ह्याच्या वर, पठारावर. गुरंढोरं पाळणाऱ्यांची वस्ती. वर जायला एकच वाट, तीही उभी. धाकटा भाऊ रायबा दही-तूप विकायला खाली उतरला की कामथडीला यायचा. त्या चैत्रात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आक्का, आयेच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. उजव्यानं दिसतच न्हाई. डाव्यानं माणूस हाय एवढं कळतं. तुजं लई नाव काढती. म्हणती, डोळं मिटायच्या आधी न्हवं, डोळं जायच्या आधी सारजीचं त्वांड बघू दे."

"मग तिला खाली आण की डोलीतनं," सारजाबाई म्हणाली.

"म्या इचारलं. म्हणती, मेल्यावर चौघांच्या खांद्यावर जाईन, जित्तेपणी न्हाई. खुब्याचं हाड मोडल्यापासनं उंबऱ्याभायेर पाय न्हाई तिचा."

सारजाबाई त्याच्याबरोबर निघाली. नसरापूरहून यष्टीनं वेल्ह्याला, तिथून पायी. पहिली चढण संपेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. गुडघे असे ठणकायला लागले की ती एका धोंड्यावर बसली ती बसलीच. वर पठाराची कड दिसत होती. तिथल्या कुणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणंसुद्धा ऐकू येत होतं. रायबा म्हणाला, "डोली आणतो." ती म्हणाली, "मला न्हेणाऱ्यांची पाठ मोडंल रं, आणि वस्तीभर हसू हुईल." ती धोंड्यावर बसून रडली आणि उलटी फिरली. आईच्या घराखालून परत आलेली पोर म्हणून तिला स्वतःची शिसारी आली.

कामथडीला आल्यावर ती कोंडिबाला घेऊन भोरला डॉक्टरकडं गेली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं गुडघे दाबून पाहिले, छाती तपासली आणि सांगितलं, "बाई, गुडघ्यांना काही झालेलं नाही. त्यांच्यावर ओझं फार आहे. जेवण निम्मं करा. भूक लागेल तेवढंच खा."

कोंडिबा बाहेर येऊन म्हणाला, "बघ. म्या इतकी वर्सं हेच सांगतोय, पण डॉक्टरानं सांगितलं म्हंजी खरं."

सारजाबाईनं मनावर घेतलं. तिच्यासारखी हट्टी बाई पंचक्रोशीत नसेल. दुरडीतली स्वतःची भाकरी तिनं अर्धी केली. ताक-लोणी बंद केलं. लोणी कढवताना बेरी खायची ती सोडली. सोमवार धरला, गुरुवार धरला, एकादशी तर होतीच. एकादशी नि दुप्पट खाशी असं लोक म्हणतात, पण ही शेंगदाण्यालासुद्धा हात लावायची नाही. दुरडीतली अर्धी भाकरी उचलताना ठकुबाई पाहायच्या, जावा पाहायच्या. सगळ्यांना वाटायचं, काय बाई सोसते! तिलाही वाटायचं.

आणि उष्टं? उष्टं चालूच होतं. इथंच तर सगळी गोम होती. तिनं चोरून खाल्लं नाही, कुणाला फसवलं नाही. उष्टं खाणं म्हणजे जेवणं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. घरातल्या कुणाच्याच आलं नाही. शेण काढणं जसं काम, राख टाकणं जसं काम, तसं ताटं निपटणं हे काम. कामाला कुणी जेवण म्हणतं का? सोमवारचं उष्टं उपासामुळं शिंक्यावर ठेवून द्यायची आणि मंगळवारी सकाळी आंबूस वास सुटलेलं ते दामटून खायची, वाया नको म्हणून. डॉक्टरनं तिचं निम्मं जेवण तोडायला सांगितलं होतं. तिनं आपलं तेवढं तोडलं आणि घरभराचं तसंच गिळत राहिली.

पावसाळा अर्धा सरला तरी चोळीच्या बाह्या तशाच काचत होत्या. उपासानं घेरी यायला लागली, ते वेगळंच. कोंडिबा पोरांसमोर म्हणायचा, "हिचा देव हिला वजनावर पावतो." पोरं हसायची. सारजाबाईला त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त राग यायचा. तिला वाटायचं, आपलं अंगच जात्या असं, त्याला काही उपाय नाही, आणि आई तिकडं एक एक दिवस आंधळी होत चालली.

भादव्यात दिरानं ओढ्याच्या कडेनं हात घालून टोपलंभर खेकडे धरून आणले. काळे, जाड नांग्यांचे. खेकडा हा सारजाबाईचा जीव की प्राण. माहेरी पठारावर पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी ठरलेलं असायचं. ती बारकी तंगडी पाट्यावर ठेचून त्यांचं पाणी गाळून घ्यायची, सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर काळा करून वाटायची, आणि रस्सा उकळायला लागला की चुलीपुढं बसून नुसता वास घ्यायची. त्या दिवशीही तसंच केलं. दिवसभर पोटात काही नव्हतं. वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं, पण तिनं चव घेण्यापुरतासुद्धा रस्सा तळहातावर घेतला नाही. आपलं निम्म्यावर आहे, हे तिनं स्वतःला बजावलं.

पुरुष बसले. खेकडे खाताना माणूस कसा दिसतो ते पाहिलं असेल तर सांगायला नको. कडकड आवाज, चोखण्याचे आवाज, कोपरापर्यंत ओघळ, ताटाभोवती कवचांचा सडा. कोंडिबा जेवणानंतर ढेकर देऊन म्हणाला, "सारजे, आज हात बसला गं तुजा." पोरांनी भातावर रस्सा ओतून घेतला. सासू जेवल्या. टोपाच्या तळाशी मसाल्याचा चिकटा तेवढा राहिला.

सारजाबाईच्या पुढ्यात आलं ते ताट असं होतं. चावून चोथा झालेल्या नांग्या, फोडून पोकळ केलेली कवचं, त्यात गेनबांनी परत ठेवलेले लगदे, आणि सगळ्यावर थिजलेला रस्सा. ती भिंतीकडं वळली. एक नांगी अर्धवट राहिलेली दिसली, तिच्यात गर असेल या आशेनं तिनं ती उचलली, तोंडात घातली आणि दाढेखाली धरून चोखली. काहीतरी सैल होऊन जिभेवर आलं. कवचाचा तुकडा असेल म्हणून तिनं तो चावला. चावला जाईना. तोंडातून काढून चुलीच्या उजेडात धरला.

तो दात होता. पिवळा, मुळाशी काळा किडका, आणि मुळाला लागलेलं थोडंसं ओलं रक्त.

तेवढ्यात ओट्यावरनं गेनबांचा आवाज आला, "अगं ए, माजा त्यो हलता दात कुठं पडला बघा गं. मघापासनं जीभ लागती तर भगदाडच हाय."

ओट्यावर सगळे खो खो हसले. "मामंजी, खेकड्यानं उपटला जणू!" धाकटी जाऊ म्हणाली. सारजाबाई गोठ्यामागं धावली. ओकली ती अशी ओकली की आतडी बाहेर येतील असं वाटलं. पोटातलं संपलं तरी उमासे थांबेनात. दात अजून मुठीत होता. तिनं तो शेणात फेकला, राखेनं हात घासले, जीभसुद्धा राखेनं घासली. आणि मग तिथंच गोठ्याच्या भिंतीला टेकून बसल्यावर तिच्या डोळ्यांपुढं आजवरची सगळी ताटं आली. दात आज सापडला. थुंकी रोजच होती. ती इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडातलं खात होती, आणि वर गाव तिला खादाड म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी कोंडिबाचं ताट तिच्यापुढं आलं. तिनं खाण्याचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगा. घास तोंडापाशी नेला आणि नाकानंच तो परत लोटला. ताट उचलून तिनं गोठ्यातल्या कुत्रीपुढं ओतलं.

ठकुबाईंनी पाहिलं. "सारजे! लक्ष्मी कुत्र्याला घातलीस?"

"आत्याबाई, मला जात न्हाई."

"उपासतापास करून डोस्कं फिरलं हिचं. धन्याचं ताट कुत्र्याला? घर बसंल खाली."

कोंडिबाच्या कानावर गेलं. तो मोठ्यानं बोलला नाही, त्याचा राग थंडा असायचा. संध्याकाळी ताटावर बसताना एवढंच म्हणाला, "माज्या ताटात जेवायची तुला लाज वाटती व्हय?"

"लाज न्हाई. किळस येती," ती म्हणाली.

नवऱ्याच्या तोंडावर असं बोलणारी बाई त्या घरानं पाहिली नव्हती. जावांनी पदर तोंडाला लावले. कोंडिबा त्या दिवसापासून तिच्याशी बोलायचा बंद झाला. पण मुकाट्यानं बसणाऱ्यांतला तो नव्हे. तो मुद्दाम जास्तीची भाकरी मागून घ्यायला लागला, दोन घास खायचा आणि बाकी कालवून ठेवायचा. बघू किती दिवस टाकतीस, हा त्यातला अर्थ. सारजाबाई ताट उचलायची आणि कुत्रीपुढं ठेवायची. कुत्री तकतकीत झाली. गावानं कुत्रीवरूनही विनोद केले. मग सुगी आली, खळ्यावर रात्रंदिवस काम आलं, तापल्या डोक्यानं उपाशी राहणं कोंडिबाला झेपेना. भाकरी वाया जाताना त्याच्या शेतकरी जिवाला टोचायला लागलं असेल. हळूहळू तो पोटापुरतंच वाढून घ्यायला लागला. तोंडानं मात्र हार मानली नाही.

आणि सारजाबाई? तिनं माळ्यावरची एक जुनी जस्ताची थाळी काढली, चिंचेनं घासली आणि आपली म्हणून वेगळी ठेवली. सगळ्यांचं वाढण्याआधी त्या थाळीत आपलं काढून झाकून ठेवायला लागली. एक भाकरी, कोरड्यासाला भाजी-आमटी असेल ते. ठकुबाई म्हणाल्या, "आता राणीसरकार आधी काढून ठेवणार." भांडी घासायच्या आधी, हातपाय धुऊन, मांडी घालून सारजाबाई जेवायला बसायची.

पहिल्या दिवशी तिला कळेचना कसं खायचं. घाईनं चार घास गेले आणि भाकरी संपली. पोट म्हणालं आणखी हवं, पण आणखी काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तिनं सावकाश मोडली. आणि नवल असं की बाजरीला चव असते हे तिला चाळिशी उलटल्यावर कळलं. कडेचा खरपूस भाग वेगळा लागतो, मधला मऊ वेगळा. लसणाची चटणी जिभेच्या कोणत्या जागी झोंबते, पाट्यावर वाटलेली आणि उखळात कुटलेली यांत काय फरक असतो, ताकात मीठ आधी घातलं की नंतर, हे सगळं ती इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी करत होती आणि तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. बंद केलेलं लोणी तिनं परत सुरू केलं. सुपारीएवढा गोळा भाकरीवर ठेवायची आणि तो विरघळेपर्यंत पाहत बसायची. एक भाकरी खायला तिला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात जावांची भांडी घासून व्हायची. आणि त्या एका भाकरीनं पोट भरायचं. तिला स्वतःचंच हसू यायचं, आणि हसता हसता संताप यायचा. एवढंच लागत होतं तर मग एवढं सगळं कुणाचं भरत होते मी?

सगळं सोपं गेलं असं नाही. लग्नाच्या पंगतीत बुंदी पाहिली की हात पुढं जायचा. एकदा पुरणपोळीच्या दिवशी तीन खाल्ल्या, सावकाश, प्रत्येक घासाला जीव लावून, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तोंड दाखवायची लाज वाटली नाही. मात्र उष्ट्याला ती कधी शिवली नाही. नुसता खरकट्याचा वास आला तरी ती पदर नाकाला लावायची. घरात त्यावरनं बोलणी बसायची ती तिनं सोसली.

वर्ष गेलं. चोळ्या सैल झाल्या, त्या तिनं आतून टाके घालून घेतल्या. विहिरीवरच्या बाया आता म्हणायला लागल्या, "हिला काय रोग लागला का गं?" जाड होती तेव्हा खादाड, बारीक झाली तर रोगी. लोकांच्या जिभेला कुठं हाड असतं!

पुढच्या भादव्यात रायबा आला तेव्हा ती परसात उभी होती. त्यानं क्षणभर तिला ओळखलंच नाही.

"आयेला दिसतंय अजून?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"डाव्यानं. सावलीवानी."

"चल मग. आत्ताच."

कोंडिबा ओट्यावर दोर वळत बसला होता. तो म्हणाला, "छत्री न्हे. वर पाऊस लागंल." वर्षभरानं तो तिच्याशी धड बोलला होता. तिनं छत्री घेतली.

वाट तीच होती. दम लागला, थांबली, परत चालली. ज्या धोंड्यावरून मागच्या खेपेला फिरली होती त्यापाशी बसलीसुद्धा नाही. पठारावर पाय ठेवला तेव्हा तिला मोठ्यानं हसू येत होतं.

तिची आई, भामाबाई, उंबऱ्याच्या आत गोधडीवर बसल्या होत्या. सारजाबाई पुढ्यात बसली तशी त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडं वळवला, डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला.

"सारजे, अगं हाडं लागत्यात तुजी. सासरी खायला घालत न्हाईत व्हय?"

"घालत्यात गं आये. लई चांगलं खाते म्या आता."

"मग आज माज्या हातचं खा," म्हातारी म्हणाली. रायबाच्या पोरांनी सकाळीच खेकडे आणले होते. भावजय म्हशी घेऊन रानात गेली होती. खुबा मोडलेली ती म्हातारी चुलीपाशी सरपटत गेली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हातांना सगळं दिसत होतं. मसाला नखानं चाचपून पाहत होती, रस्सा वासानं ओळखत होती. रायबा जेवून गुरांकडं निघून गेला. मग तिनं लेकीचं ताट वाढलं. नाचणीची भाकरी, आणि खेकडे, चांगले जाड नांग्यांचे.

सारजाबाई जेवायला बसली. असं जेवण तिला आयुष्यात मिळालं नव्हतं. तिनं एक नांगी हातात घेतली, दाढेनं हळूच फोडली, आतला गोड गर काडीनं ओढून काढला आणि डोळे मिटून खाल्ला. रस्स्यात भाकरी बुडवली. कवचातला पिवळा गर बोटानं काढून भाकरीला लावला. बाहेर पाऊस पडत होता, आई शेजारी बसली होती, आणि घाई कशाची नव्हती. खेकडा हा घाईनं खायचा पदार्थच नव्हे. दर घासाला ती आईला सांगायची, काय चव आलीय गं आये. म्हातारी तोंडाचं बोळकं पसरून हसायची आणि म्हणायची, "खा. सावकास खा."

पोट भरलं. ताटात भाकरीचा एक तुकडा राहिला, थोडा रस्सा आणि चावलेल्या नांग्यांचा ढीग. पोटाबाहेर एक घास खायचा नाही ही आता तिची सवय झाली होती. ती हात धुवायला मोरीपाशी गेली.

परत वळली तर भामाबाईंनी हात लांब करून ताटाची कड चाचपली होती, ताट आपल्याकडं ओढून घेतलं होतं, आणि लेकीनं चावून टाकलेली एक नांगी हिरड्यांमध्ये धरून चोखत होत्या.

"आये, हे काय करतीस?"

"काय म्हंजी? जेवती की. तुजं हुईस्तोवर थांबले हुते."

"तुजं ताट कुठाय?"

"हेच की गं. रोज रायबाच्या ताटात बसते. आज तुज्या."

सारजाबाईला किळस आली. या वेळी दुसऱ्या कुणाच्या थुंकीची नव्हे, स्वतःच्याच. तिनं आईच्या तोंडातली नांगी हिसकावून घेतली, ताट उचललं आणि अंगणात, पावसात, चिखलात भिरकावलं. कोंबड्या धावल्या.

"सारजे!" म्हातारी किंचाळली. "अन्न टाकलंस? माज्या घरात? हेच शिकवलं म्या तुला?"

"व्हय, हेच शिकवलंस," सारजाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. तिनं टोप ओढून पाहिला. टोप रिकामा होता. होते नव्हते तेवढे खेकडे आईनं तिच्याच ताटात वाढले होते. आणि ती मघापासून आईच्या शेजारी बसून, एकदाही न विचारता, एक एक नांगी चवीनं चोखत होती. कोंडिबा बसायचा तसं.

तिनं परातीत पीठ घेतलं. डोळ्यांतलं पाणी पिठात पडू नये म्हणून खांद्यानं पुसत तिनं भाकरी थापली, भाजली, फुगवली. वर लोणी ठेवलं. दुसरं ताट आईच्या पुढ्यात ठेवून तिचा हात धरून भाकरीवर नेला. म्हातारीनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"लई ऊन हाय गं. मला ऊन खायची सवं न्हाई."

"निवू दे. मग खा. कुणाचं बी न्हाई, तुजं एकटीचं हाय."

भामाबाई ताटापुढं हात जोडल्यासारख्या बसून राहिल्या. लोणी वितळून भाकरीच्या कडेनं उतरलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सारजे, तू वाईच भायेर जा. भरलं ताट पुढ्यात घिऊन कुणादेखत खायला लाज वाटती मला."

सारजाबाई उठली नाही. तेव्हा म्हातारीनं ताट उचलून मांडीवर घेतलं, सरकत सरकत भिंतीकडं वळली, आणि लेकीकडं पाठ करून पहिला घास मोडला.